वरखाली होणाऱ्या जमिनीवरचे शहर

नेपल्सहून पश्चिमेकडे जाणाऱ्या कुमाना नावाच्या छोट्या रेल्वेने अर्ध्या तासात पोत्सुओली हे बंदराचे शहर येते. इटलीला जाणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी नेपल्सहून पॉम्पेईकडे किंवा काप्री बेटाकडे वळतात आणि या किनाऱ्याकडे फारसे कोणी येत नाही. मीही आलो तो केवळ तीन खांब पाहण्यासाठी. ते बंदरापासून चालत काही मिनिटांवर आहेत. भोवती रहदारीचे रस्ते, औषधांची दुकाने, वाळत घातलेल्या कपड्यांचे सज्जे आणि मधोमध रस्त्याच्या पातळीपेक्षा बराच खाली गेलेला एक चौक. तिकीट लागत नाही. कठड्याला टेकून वरूनच पाहायचे. खाली रोमन काळातल्या मंडईचे अवशेष दिसतात: अंगणाभोवती मांडलेल्या दुकानांच्या खोल्या, मध्ये एक गोल चौथरा, आणि मागच्या बाजूला चिपोलिनो जातीच्या संगमरवराचे, सुमारे साडेबारा मीटर उंचीचे, प्रत्येकी अखंड दगडातून घडवलेले तीन स्तंभ.

अठराव्या शतकाच्या मध्यावर येथे खोदकाम झाले, तेव्हा सेरापिस या इजिप्शियन-ग्रीक देवाची मूर्ती सापडली आणि लोकांनी या जागेला सेरापिसचे देऊळ ठरवून टाकले. प्रत्यक्षात ती मंडई होती, हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. तथापि स्तंभांना जी कीर्ती मिळाली ती देवळामुळेही नाही आणि मंडईमुळेही नाही. प्रत्येक स्तंभ तळापासून बारा फुटांपर्यंत गुळगुळीत आहे. त्याच्या वर सुमारे नऊ फुटांचा एक पट्टा असा आहे, की घुण लागलेल्या तुळईसारखा तो संपूर्ण भोकांनी भरलेला आहे. आणि त्या पट्ट्याच्या वर दगड पुन्हा स्वच्छ होतो. ही भोके पाडली ती समुद्रात राहणाऱ्या, चुनखडीचा दगड पोखरून त्यात घर करणाऱ्या एका शिंपल्याने. खजुराच्या आकाराचा हा प्राणी समुद्राच्या पाण्याबाहेर जगत नाही. म्हणजे आज कोरड्या जमिनीवर उभे असलेले हे स्तंभ कधीतरी वीस फुटांहून अधिक खोल समुद्रात उभे होते, आणि तेही वर्षानुवर्षे. कारण शिंपल्यांच्या पिढ्यांना दगड पोखरायला तेवढा वेळ लागणारच. खालचे बारा फूट तेव्हा गाळात आणि ज्वालामुखीच्या राखेत पुरलेले होते, म्हणून ते वाचले.

हे समुद्राचे पाणी इतक्या वर आले कसे, यावर युरोपात बरीच वर्षे वाद चालला. जर्मन कवी गटे १७८७ मध्ये येथे आला होता आणि त्याचे म्हणणे असे, की राखेच्या बांधामुळे येथे एखादे खाऱ्या पाण्याचे तळे साचले असावे. ब्रिटिश भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायल १८२८ मध्ये आला आणि त्याने प्रश्नच वेगळ्या रीतीने मांडला. समुद्राची पातळी वीस फूट वाढली असती तर भूमध्य समुद्राच्या सगळ्याच किनाऱ्यांवर तशा खुणा दिसायला हव्या होत्या. त्या दिसत नाहीत. तेव्हा समुद्र चढलेला नसून येथली जमीन खाली गेली आणि मग पुन्हा वर आली, आणि हे सारे इतक्या संथपणे घडले की तीन उंच स्तंभ कोसळलेसुद्धा नाहीत. १८३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या भूशास्त्रावरील ग्रंथाच्या मुखचित्रात हेच तीन स्तंभ आहेत. तरुण डार्विनने बीगल जहाजावर सोबत नेलेला ग्रंथ तोच. पृथ्वीचे रूप केवळ प्रलयांनी पालटत नाही, आजही चालू असलेल्या सावकाश हालचालींनीही पालटते, हे समजावून सांगायला लायलला पर्वतरांगा शोधाव्या लागल्या नाहीत. रोमन मंडईतल्या दगडांवरची ही भोके पुरली. शिंपल्यांच्या कालमापनावरून पुढे असेही दिसून आले, की ही मंडई एकदाच नव्हे, तर अनेकदा बुडाली आणि वर आली.

कठड्याशी उभा असताना माझ्या शेजारून शाळेतली मुले दप्तरे घेऊन जात होती आणि त्यांतले कोणीही खाली पाहत नव्हते. ते स्वाभाविकच होते. जमीन वरखाली होते हे त्यांना स्तंभांनी शिकवण्याची गरज नाही.

पोत्सुओली ज्या प्रदेशात आहे त्याला कांपी फ्लेग्रेई म्हणतात. पॉम्पेई गाडणाऱ्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीसारखा शंकूच्या आकाराचा डोंगर येथे नाही. येथे आहे तो बारा ते पंधरा किलोमीटर रुंदीचा एक विस्तीर्ण खोलगट भाग. सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी झालेल्या प्रचंड उद्रेकाने आणि त्यानंतर सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी झालेल्या दुसऱ्या मोठ्या उद्रेकाने जमीन आत कोसळून तो तयार झाला, आणि त्याचा निम्म्याच्या आसपास भाग आज समुद्राखाली आहे. पायाखाली काही किलोमीटरवर शिलारस आहे. त्यातून निघणारे वायू आणि तापलेले पाणी वरच्या खडकांत कोंडले की दाब वाढतो आणि जमीन फुगते, दाब ओसरला की ती बसते. या संथ चढउताराला इटालियन लोक ब्राडिसिस्मो म्हणतात आणि हा शब्द येथे भाजीवाल्याच्याही तोंडी असतो.

फुगणे नेहमी फुगण्यावरच थांबते असे नाही. सोळाव्या शतकाच्या आरंभी येथला किनारा इतका वर येऊ लागला, की समुद्र मागे हटून मोकळी झालेली जमीन फेर्दिनांद आणि इसाबेला या स्पेनच्या राजाराणीने १५०३ मध्ये सनद देऊन पोत्सुओलीच्या नगरसंस्थेला बहाल केली. नवी जमीन मिळाल्याचा आनंद तेव्हा झालाही असेल. पण १५३८ च्या सप्टेंबरअखेर समुद्र एकाएकी आणखी मागे गेला, कोरड्या वाळूवर मासे तडफडू लागले, लोक ते गोळा करायला धावले, आणि लगेच जमीन फाटून राख व दगड उसळले. आठवडाभरात त्रिपेर्गोले नावाचे गाव नाहीसे झाले आणि त्याच्या जागी शंभर मीटरहून उंच टेकडी उभी राहिली. तिचे नाव मोन्ते नुओवो, म्हणजे नवा डोंगर. आज तिच्यावर झाडी आहे, सकाळी लोक फिरायला येतात, आणि माथ्यावरून खाली विवरात पाहिले तर तेथेही झाडेच दिसतात. हा डोंगर आपल्या रायगडावरच्या राजवाड्याच्या पायांपेक्षा जेमतेम सव्वाशे वर्षांनी जुना आहे, हे लक्षात आल्यावर मी तेथे बराच वेळ बसून राहिलो. कारण डोंगर ही गोष्ट माणसाच्या इतिहासाआधीची असते, असे सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या माझ्या मनात पक्के बसलेले होते.

शहराचे मूळ ठाणे आहे रिओने तेर्रा. बंदराच्या टोकाला समुद्रात घुसलेला, पिवळसर खडकाचा एक उंच सुळका, आणि त्यावर दाटीने बांधलेली घरे. इ. स. पू. १९४ मध्ये रोमनांनी पुतेओली ही वसाहत येथेच स्थापन केली आणि तेव्हापासून या खडकावर माणसे सलग राहत आली. जुन्या घरांच्या तळाशी रोमन शहराचे रस्ते अजून आहेत. तेथे मार्गदर्शकासोबत उतरता येते. दगडी फरसबंदी, दोन्ही बाजूंना दुकाने, जाती असलेली पिठाची गिरणी आणि भट्टी, धान्याची कोठारे, आणि या सगळ्याच्या वर छत म्हणून सतराव्या-अठराव्या शतकातल्या इमारतींचे पाये. वरच्या घरांनीच खालचे शहर झाकून सांभाळले. पृष्ठभागावर असलेल्या देवळाची कथाही तशीच आहे. ऑगस्टसच्या काळातले संगमरवरी देऊळ पुढे ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्या भिंतींत इतके लपेटले गेले, की ते दिसेनासेच झाले. १९६४ च्या मे महिन्यात एका रात्री या मंदिराला आग लागली, गिलावा आणि सजावट जळून गेली, आणि आतून रोमन देवळाचे स्तंभ व भिंती बाहेर आल्या. जीर्णोद्धार करताना वास्तुकारांनी ते पुन्हा झाकले नाहीत. स्तंभांच्या मधल्या जागा काचेने बंद केल्या आणि २०१४ मध्ये तेथे पुन्हा प्रार्थना सुरू झाली. रोमन देवळाच्या गाभाऱ्यात बाकांवर बसून बरोक काळातल्या चित्रांकडे पाहताना दोन्ही काळ एकमेकांना अडचण करीत नाहीत, असे मला वाटले. जीर्णोद्धार कसा असावा याचा इतका उमदा नमुना मी क्वचितच पाहिला आहे.

पण रिओने तेर्राच्या गल्ल्यांमधून फिरताना काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहते, आणि ते काय हे कळायला थोडा वेळ लागतो. घरांचे रंग ताजे आहेत, दारे नीट आहेत, फरसबंदी स्वच्छ आहे. पण कोणत्याही खिडकीतून स्वयंपाकाचा वास येत नाही. २ मार्च १९७० रोजी जमीन वेगाने वर येत असल्याचे दिसून आल्यावर सरकारने ही वस्ती एका दिवसात रिकामी करवली. सैनिक आणि पोलीस आले, बसगाड्या आल्या, आणि सुमारे ३ हजार माणसांना हाताला लागेल ते घेऊन निघावे लागले. त्यांत कोळी होते, गोदीतले मजूर होते, पिढ्यान्‌पिढ्या एकाच जिन्यावर राहिलेली गरीब कुटुंबे होती. पुढे त्यांच्यासाठी तोयानो येथे नवी वसाहत बांधली गेली. धोका खरा होता, इमारती जीर्ण होत्या, हे मान्य करूनही मनात खुपणारी गोष्ट ही, की दशकांच्या खर्चाने आणि कष्टाने खडकावरची घरे दुरुस्त झाली, त्यांच्याखालचे रोमन रस्ते मोकळे झाले, पण ज्यांची ती घरे होती ती माणसे तेथे राहायला परतली नाहीत. आम्हाला भुयारातून नेणाऱ्या तरुण बाईंची आजी त्या दिवशी बाहेर पडलेल्यांपैकी होती. तोयानोत जवळ दुकाने असूनही ती मासळी घ्यायला शेवटपर्यंत बंदरावरच येत असे, असे त्यांनी सांगितले. "तिला रोमन रस्त्याबद्दल काही माहीत नव्हते. ती त्याच्यावरच राहत होती," असे त्या म्हणाल्या आणि पुढच्या दालनाकडे वळल्या.

दुसऱ्यांदा हे घडले १९८३ मध्ये. १९८२ ते १९८४ या काळात जमीन जवळजवळ पावणेदोन मीटर उचलली गेली, भूकंपाचे असंख्य धक्के बसले, आणि या खेपेस शहराच्या मध्यभागातून सुमारे ४० हजार लोकांना हलवावे लागले. त्यांच्यासाठी मोंतेरुशेल्लो नावाचे नवे उपनगर उभारण्यात आले. जे स्तंभ पाहायला जगभरचे अभ्यासक येतात, त्यांच्या पायाशी भरतीचे पाणी साचायचे. या दोन उचलींनी तोही चौक कोरडा झाला.

पहिल्या शतकातल्या फ्लाविअन घराण्याच्या सम्राटांच्या काळातले रंगमंडल, अर्थात ग्लॅडिएटरांच्या झुंजींचे मैदान, रेल्वेस्थानकाच्या वरच्या अंगाला आहे. आकाराने ते इटलीत रोमच्या कोलोसिअम आणि कापुआच्या रंगमंडलानंतर तिसरे मानले जाते. बाहेरून पाहिले तर फारसे काही वाटत नाही, कारण वरच्या मजल्यांचा दगड लोकांनी कधीच नेला. खरे पाहण्यासारखे आहे ते मैदानाच्या खाली. ज्वालामुखीतून आलेल्या राखेने आणि मातीने हा भाग भरून गेल्यामुळे तळघराच्या कमानी, बोगदे आणि श्वापदांच्या कोठड्या जवळजवळ पूर्ण उरल्या आहेत. छताला चौकोनी भोके आहेत, त्यांतून पिंजरे वर ओढले जात आणि जनावर एकाएकी प्रेक्षकांसमोर प्रकट होई. यंत्रणा कळते, विटांच्या बांधकामाची सफाई थक्क करते, आणि तरीही तेथे थांबावेसे वाटत नाही. मी लवकर बाहेर पडलो.

माझ्यासाठी सगळ्यात मोलाची जागा ठरली ती बंदर, जिथे पुरातन असे जवळजवळ काहीच दिसत नाही. रोमन धक्का आजच्या धक्क्याच्या पोटात गेला आहे. परंतु रोमजवळ तिबेर नदीच्या मुखाशी सम्राट क्लॉडिअसने नवे बंदर बांधायला घेतले त्याच्या आधी, आणि नंतरही काही काळ, रोमचे मुख्य सागरी दार हेच होते. इजिप्तचे धान्य अलेक्झांड्रियाहून येथे येई. त्या ताफ्याची शिडे दिसली की शहरातले लोक धक्क्यावर जमत. संत पॉलला कैदी म्हणून रोमला नेत असताना तो उतरला तोही येथेच. आणि इजिप्तमार्गे पूर्वेचा मालही येथेच उतरे: अरबस्तानचा धूप, केरळचे मिरे, आणि आपल्या दख्खनचे कापड व रंगीत खडे.

हा संबंध मी ओढूनताणून जोडत नाही. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक खलाशाने लिहिलेल्या तांबड्या समुद्राच्या मार्गदर्शिकेत पैठण आणि तेर ही दोन गावे नावानिशी आली आहेत. पैठणहून खडे आणि तेरहून सुती कापडाचे तागे गाड्यांत घालून अवघड वाटांनी भडोचला नेले जात, असे त्यात म्हटले आहे. कल्याण, सोपारा आणि चौल या बंदरांचाही उल्लेख आहे. मालाची उलट दिशेची वाहतूकही होती. नेवाशाच्या उत्खननात भूमध्य समुद्राकडच्या मद्याच्या उंच रांजणांचे तुकडे मिळाले, आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पॉसायडन या समुद्रदेवाची कांस्यमूर्ती सापडली. ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात वीतभर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. १९३८ मध्ये ती पॉम्पेईतल्या एका घरात मिळाली, म्हणजे व्हेसुव्हियसच्या इसवी सन ७९ च्या उद्रेकापूर्वीच ती तेथे पोहोचली होती. तिच्या कमरेच्या मेखलेकडे, हातभर बांगड्यांकडे आणि दोन्ही बाजूंच्या दासींकडे पाहिले की ती कोठली हे कोणी सांगावे लागत नाही. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती सापडल्या आहेत, आणि म्हणून ती दख्खनच्या कारागिराची असावी असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. पूर्वेचा माल तेव्हा प्रामुख्याने याच बंदरात उतरत असल्यामुळे तीही येथूनच पुढे गेली असावी, असे मानायला चांगली जागा आहे. बंदराच्या कठड्यावर बसून इस्किया आणि प्रोचिदा बेटांकडे निघालेल्या बोटी पाहताना मला त्या कारागिराची आठवण झाली. त्याने हे शहर पाहिले नव्हते, कदाचित त्याचे नावही ऐकले नव्हते; पण त्याच्या हातचे काम येथपर्यंत आले, आणि तो मात्र कोणत्याच इतिहासात नावाने उरला नाही.

ज्या भूमीने हे शहर इतके हादरवले, तिनेच ते समृद्धही केले. येथल्या ज्वालामुखीच्या राखेत एक विलक्षण गुण आहे. ती चुन्यात मिसळली की तयार होणारा गारा पाण्याखालीही घट्ट होतो, आणि समुद्राच्या पाण्यात तर काळानुसार अधिकच पक्का होत जातो. रोमन स्थापत्यज्ञांना हा गुण ठाऊक होता. पुतेओलीचा धक्का त्यांनी या गाऱ्यातच बांधला, आणि पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर हेरोद राजाने कैसरिया हे बंदर उभारले तेव्हा त्यासाठीही राख जहाजांतून येथूनच गेली. आपल्याकडच्या औष्णिक वीज केंद्रांतली राख सिमेंटमध्ये मिसळतात ती याच रासायनिक गुणासाठी. येथून थोड्या अंतरावर, बाया येथे, रोमन श्रीमंतांचे प्रासाद समुद्राच्या तळाशी गेले आहेत. पारदर्शक तळाच्या बोटीतून त्यांच्या भिंती आणि फरशा दिसतात. राखेने रंगमंडल जपले, समुद्राने बाया जपली, गाळाने स्तंभ जपले. पाहायला येणाऱ्यासाठी ही भूमी उदार आहे. राहणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे.

२००५ पासून जमीन पुन्हा वर येत आहे आणि आतापर्यंत ती एक मीटरहून अधिक वर आली आहे. जुन्या गोदीत छोट्या होड्या पाण्याविना चिखलात टेकलेल्या दिसतात. समुद्र ओसरलेला नाही, तळ उचलला गेला आहे. सोल्फतारा हे धुमसणारे विवर २०१७ मधल्या एका जीवघेण्या अपघातानंतर प्रवाशांसाठी बंद आहे. मे २०२४ मध्ये ४.४ क्षमतेचा धक्का बसला आणि अनेक कुटुंबांना घरे सोडावी लागली. आम्ही राहत होतो तेथे एका पहाटे खिडकीच्या काचा क्षणभर थरथरल्या. खाली कॉफीच्या दुकानात गेलो, तेव्हा सगळ्यांच्या हातात फोन होते आणि धक्क्याचा आकडा एकमेकांना सांगितला जात होता. आकडा लहान होता, आणि बोलणे लगेच फुटबॉलकडे वळले. पण दुकानदारीणबाईंनी वरच्या फळीवरचे काचेचे पेले एकेक करून खालच्या फळीवर आणून ठेवले, आणि त्या ते काम अशा सवयीने करीत होत्या, की ते पहिल्यांदा होत नव्हते हे उघड होते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इटलीच्या सरकारने या प्रदेशासाठी खास अध्यादेश काढला. त्यानुसार इमारती धक्के कितपत सोसतील याची तपासणी, लोकांना हलवण्याच्या योजना आणि रस्ते-वाहिन्यांचे बळकटीकरण अशी कामे हाती घेण्यात आली. ज्या शहरात रोमन देवळाच्या एकेका स्तंभासाठी वास्तुकारांनी वर्षे दिली, तेथे साध्या चार मजली घरांच्या भिंतींनाही तितक्याच आस्थेने हात लागावा असे मला मनापासून वाटते. कारण लोकांना पुन्हा घाईने बाहेर काढायची वेळ आली, तर या खेपेस त्यांच्या परतण्याची व्यवस्था निघण्याआधी ठरलेली असली पाहिजे. १९७० च्या मार्चमध्ये ती ठरलेली नव्हती.